चौदा राहिलंय

५ जानेवारी

ही कोरी वही वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी काल माझ्या हातात कोंबली. वाचनालयाला शंभर वर्षं होताहेत, त्याची स्मरणिका निघणार आहे आणि तीत मावशींवर दोन पानं हवी आहेत. "सर, तुम्ही भाषेचे शिक्षक, शिवाय घरचे. तुमच्यासारखं कोण लिहिणार?" निवृत्त शिक्षकाची कुणी स्तुती केली की तो लगेच विरघळतो. हो म्हणून बसलो.

मावशी म्हणजे माझ्या वडिलांची दुसरी बायको. मी सहा वर्षांचा असताना त्या या घरात आल्या. तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या, आता एक्याऐंशीच्या आहेत. पुढे बाइंडिंगचं दुकान आणि मागे दोन खोल्या, घर अजून तसंच आहे. वडील मी कॉलेजात जायच्या आधीच गेले. नंतर दुकान मावशींनी एकटीने ओढलं. गावात त्यांचं नाव कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. सगळ्यांच्या त्या 'बाइंडिंगवाल्या बाई'.

मी आठ दिवसांसाठी आलोय. धाकट्या बहिणीचा फोन आला होता. "दादा, मला आता एकटीला झेपत नाही. मी पोस्टात काउंटरवर बसू की घरी आईच्या मागे फिरू? ती पुस्तकं फाडते रे." धाकटी मावशींची मुलगी, माझी सावत्र बहीण, पण आमच्यात तो शब्द कधी आला नाही. माझी बायको जाऊन चार वर्षं झाली, घरी वाट बघणारं कुणी नाही. पिशवी भरली आणि बस पकडली.

लेखासाठी मुद्दे: मावशी कष्टाळू. मावशी शिस्तीच्या.

पुढे काही सुचलं नाही.

७ जानेवारी

आज माझा शब्दकोश गेला. तीस वर्षांचा सोबती. मी आंघोळ करून येईपर्यंत मावशींनी त्याचं कव्हर सुटं करून घमेल्यात बुडवलं होतं. पलंगावरून उठवत नाही म्हणून धाकटी सांगते, आणि हे उद्योग करायला बरं उठवतं!

"हे काय केलंत तुम्ही?" मी जरा चढ्या आवाजात म्हणालो.

"बघतेय."

"काय बघताय?"

"चौदा राहिलंय," त्या म्हणाल्या आणि भिजलेल्या पुठ्ठ्याची कड नखाने सोडवू लागल्या.

चौदा काय? गोळ्या मोजल्या, बरोबर निघाल्या. कॅलेंडरवर चौदा तारखेला काही लिहिलंय का ते पाहिलं. काही नाही. धाकटी म्हणाली, सहा महिने हेच चाललंय. डॉक्टर म्हणतात, या वयात एखादा आकडा डोक्यात अडकून बसतो, मनावर घेऊ नका.

पुठ्ठे भिजवायची खोड मात्र जुनी आहे. पूर्वी बाजारात जाड पुठ्ठा सहज मिळत नसे. रद्दी कागदाला खळ लावायची, एकावर एक थर चिकटवायचे, प्रेसमध्ये दाबून वाळवायचे, की झाला पुठ्ठा. पुढे तयार पुठ्ठा आला तरी जुनं पुस्तक दुरुस्तीला आलं की मावशी त्याचा घरगुती पुठ्ठा फेकत नसत. बादलीत भिजवायच्या, एकेक कागद सोडवायच्या आणि दोरीवर वाळत घालायच्या. वडील हसायचे, "हिने चिकटपणात खळीलाही मागे टाकलं." मीही हसायचो. मावशी हसत नसत.

शब्दकोशात काय निघणार? तो कारखान्यात बांधलेला. राखाडी लगदा निघाला. तरी त्या तासभर चिवडत बसल्या. मला रागही आला आणि बघवेनाही.

१० जानेवारी

वाचनालयात जाऊन आलो. ग्रंथपाल बाई मावशींबद्दल बोलायला लागल्या की थांबत नाहीत. पन्नास वर्षं त्यांनी वाचनालयाची जुनी पुस्तकं फुकट बांधून दिली. न मागता. दर महिन्याला यायच्या, कपाटासमोर उभ्या राहायच्या, पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवायच्या आणि दोन-तीन काढून घ्यायच्या. कधी कधी धडधाकट पुस्तकंसुद्धा न्यायच्या. "मी म्हणायचे, बाई, हे तर छान आहे. तर म्हणायच्या, आतून कसं आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. सर, ही निष्काम सेवा! हे लिहाच."

लिहिलं. 'निष्काम सेवा' हा शब्द मला जरा जड वाटतो, पण स्मरणिकेत खपतो.

आणखी एक आठवलं, तेही घालीन. मावशींचा दुकानातला नियम होता की पान कमी असलेलं पुस्तक बांधून द्यायचं नाही. एका वकिलांचं पुस्तक त्यांनी अकरा महिने अडकवून ठेवलं होतं. वकील रोज येऊन चिडायचे, "अहो बाई, एक पान नसेल तर नसू दे!" मावशी शांतपणे म्हणायच्या, "पुरं झाल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही." शेवटी दुसरीकडून प्रत मिळवून, ते पान हाताने नकलून आणून वकिलांनीच त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

वडिलांनी त्यांना काम शिकवलं तेव्हा त्यांना वाचता येत नव्हतं, फक्त आकडे यायचे. वडील सांगायचे, "मजकुराकडे बघूच नकोस. आकड्याकडे बघ. आकडा कधी खोटं बोलत नाही." पानं जुळवायला तेवढं पुरतं.

१३ जानेवारी

धाकटीशी वाजलं. मी लेखाचा पहिला मसुदा वाचून दाखवत होतो. 'मावशी या घरात आल्या तेव्हा त्या अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या' इथपर्यंत आलो आणि ती म्हणाली, "दादा, हा लेख आहे की सरकारी पत्र? त्या आल्या, त्या गेल्या. अठ्ठावन्न वर्षं झाली, तू तिला एकदा तरी आई म्हणालास?"

मी म्हणालो, "मी त्यांना कधी उलट बोललो नाही. कायम अहो-जाहो केलं. इतका मान पोटच्या मुलानेही दिला नसता."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली आणि डबा भरून कामाला गेली.

तिला काय म्हणायचंय ते मला कळलं नाही. चौतीस वर्षं मी मुलांना आदरार्थी बहुवचन शिकवलं. कर्ता एक असला तरी क्रियापद अनेकवचनी: सर आले, बाई आल्या, मावशी आल्या. अपवाद आईचा. 'आई आल्या' असं एखाद्याने लिहिलं तर मी मार्क कापत नसे, पण सगळा वर्ग हसायचा.

खरं कारण धाकटीला माहीत आहे. तरी इथे लिहून ठेवतो, स्मरणिकेत तर ते जाणार नाही.

माझी आई आठ महिने दुसऱ्या गावी क्षयाच्या दवाखान्यात होती. तिकडून मला पत्रं पाठवायची. पडल्या पडल्या शाईचं पेन उमटत नाही म्हणून पेन्सिलने लिहायची. प्रत्येक पत्रावर वरती एक मांजर काढलेली असायची, मला वाचता येत नव्हतं म्हणून. वडील वाचून दाखवायचे. मग ती गेली. पत्रांचा गठ्ठा दुकानातल्या फळीवर, दोऱ्याने बांधून ठेवलेला होता. पाच महिन्यांनी मावशी आल्या. आणखी चार महिन्यांनी एका दुपारी मी शाळेतून आलो तर त्या खाली बसून कागदांना खळ लावत होत्या. वाचनालयाचं मोठं काम होतं, पुठ्ठे करत होत्या. ब्रश फिरला आणि त्याखाली मला माझी मांजर दिसली.

मी किती ओरडलो ते गल्लीला आठवत असेल. आत्या तेव्हा घरीच होती. ती सगळ्यांना सांगत सुटली, "मुद्दाम केलंन. सवतीचं नाव पुसायचंय हिला." मला ते पटलं. अजूनही पटतं. माणूस दिवसभर कागद हाताळतो आणि त्याला पेन्सिलने लिहिलेलं पत्र ओळखू येत नाही?

त्या दिवसापासून मी त्यांना मावशी म्हणतो, आणि तुम्ही.

१७ जानेवारी

मावशींना ताप. खाणं बंद, दूध चमच्याने. झोपेत हात चालतात, कागदाच्या कडा जुळवल्यासारखे.

जागेपणी एकच. "चौदा."

१९ जानेवारी

ताप उतरला. सकाळी त्यांनी मला खूण करून कटिंग मशीनच्या खाली बोट दाखवलं. "डबा." मला वाटलं बिस्किटांचा हवाय. वाकून काढला. पत्र्याचा चपटा डबा, झाकणाला मेण लावून बंद केलेला. चाकूने उघडला.

आत टिपकागद, आणि दोन टिपकागदांच्या मधे एक-एक कागद. खळीने पिवळे पडलेले, काही कडेने फाटलेले आणि मागून पातळ कागद लावून सांधलेले. प्रत्येकावर वरती मांजर.

आज पुढे लिहीत नाही.

२० जानेवारी

(तारीख घातली आणि तासभर बसलो.)

२२ जानेवारी

अठरा पत्रं आहेत. प्रत्येकाच्या कोपऱ्यात आईने आकडा घातलाय, पोस्टात एखादं हरवलं तर कळावं म्हणून. एक ते तेरा आणि पंधरा ते एकोणीस. चौदा नाही.

धाकटीला डबा दाखवला. तिने तो कधी पाहिलाच नव्हता. खूप वेळ एकेक कागद हातात धरून बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्या पहिलीच्या पुस्तकावर ती वाचायला शिकली, दादा. मी सात वर्षांची, ती माझ्या शेजारी बसून अक्षरं गिरवायची. मी विचारलं, तुला कशाला? म्हणाली, मला कुणाचं तरी वाचायचंय."

मावशी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. जाग्या असतील असं वाटलं नव्हतं. भिंतीशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मला वाचता येत नव्हतं रे. ते कागद फळीवरून रद्दीत पडले होते. मी लगेच सोडवते म्हणाले, ओले होते तोवर. तर तुझे बाबा म्हणाले, राहू दे, झालं ते झालं, ऑर्डर द्यायचीय."

बाबा असं म्हणाले? मला आठवत नाही. बाबा दाराशी उभे होते, एवढंच आठवतं.

म्हणजे ती निष्काम सेवा. त्या महिन्यात बांधलेली वाचनालयाची ऐंशी-नव्वद पुस्तकं, आणि त्यातल्या कुठल्या पुठ्ठ्यात काय गेलं ते कुणालाच माहीत नाही. एकेक पुस्तक जुनं व्हायची वाट बघायची. नाही झालं तर काहीतरी सांगून घरी आणायचं. भिजवायचं, सोडवायचं, नवीन बांधून परत द्यायचं. आणि आम्ही हसायचो.

मी धाकटीला विचारलं, "मग जसजशी सापडली तशी मला द्यायची नाहीत का? पहिली काही तर मी कॉलेजात असतानाच सापडली असणार."

धाकटी म्हणाली, "पान कमी असलेलं पुस्तक तिने कधी कुणाला दिलंय?"

जाता जाता तिने आणखी एक सांगितलं. मावशी तिला सांगायच्या, सुरुवातीचे चार महिने मी त्यांना 'अगं' म्हणायचो. त्यांच्या पदराला धरून दुकानभर फिरायचो. एकदा 'आई' सुद्धा म्हणालो होतो, पाणी मागताना.

मला यातलं काहीही आठवत नाही.

२५ जानेवारी

ग्रंथपाल बाईंकडे गेलो आणि विचारलं, त्या वर्षी बांधलेलं एखादं पुस्तक अजून तसंच आहे का? त्यांनी जुनी नोंदवही काढली. एकच होतं. कुलूपबंद कपाटातला मोठा कोश, बाहेर न्यायला परवानगी नाही. "बाईंनी पाच-सहा वेळा मागितला होता, सर. आमची समिती नाही म्हणाली. तो चांगला आहे ना अजून."

मी खोटं बोललो. लेखासाठी हवाय म्हणालो. भाषेच्या शिक्षकाला कोश द्यायला कोण नाही म्हणणार?

घरी आणून मी घमेल्यात पाणी घेतलं. मावशींना उशांना टेकवून बसवलं. वरचा पुठ्ठा, मग खालचा. त्या सांगत गेल्या तसं मी केलं. "नखाने नाही, बोटाच्या पेराने. घाई केलीस तर लिहिलेलं सुटून येतं." दोन तास लागले. एक जुनं बसचं वेळापत्रक निघालं, कुठल्याशा दुकानाची पत्रकं निघाली, कोरे कागद निघाले. मांजर नव्हती.

मावशींनी रिकाम्या पाण्यात हात घालून पाहिला. तळाशी काही राहिलंय का म्हणून. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता कुठे बघू?"

मला त्यांच्याकडे बघवलं नाही. मी घमेलं उचलून मोरीत नेलं आणि तिथे उभा राहून रडलो. चौसष्ट वर्षांचा माणूस, खळीच्या पाण्याच्या वासात.

२८ जानेवारी

कोश पुन्हा बांधायचाय. ग्रंथपाल बाईंचे दोन फोन आले, उचलले नाहीत.

आज अठराही पत्रं ओळीने वाचून काढली. इतके दिवस धीर होत नव्हता. पेन्सिल पाण्याने पुसत नाही, हे किती बरं. आईचं अक्षर गोल, ओळी उतरत्या. दवाखान्याच्या खिडकीत येणाऱ्या मांजरीची सगळी हकिगत आहे. मला शुद्धलेखनाच्या चुका दिसत राहिल्या, सवयच ती, आणि मग एका ठिकाणी थांबलो.

तेराव्या पत्रावर तारीख सहा. 'आज मांजरीची तीन पिल्लं दिसली, त्यातलं एक तुझ्यासारखं ढोलं आहे.' पंधराव्यावर तारीख आठ. 'परवाच तुला पिल्लांचं लिहिलं आणि आज लगेच दुसरं पत्र लिहायला घेतलं, कारण ढोल्याने डोळे उघडले. काल अंगात फार ताप होता, पेन्सिलही धरवली नाही.'

चार वेळा वाचलं. सहाला तेरावं. सातला काही लिहिलं नाही. आठला लगेच दुसरं. मधे पत्रच नाही. आईने तापात आकडा चुकवला. तेरानंतर पंधरा घातला.

चौदावं कधी लिहिलंच गेलं नव्हतं.

मावशींनी ही पत्रं पाठ होतील इतक्या वेळा वाचली असणार. तरी त्यांना हे दिसलं नाही. आकडा कधी खोटं बोलत नाही, असं त्यांना आमच्या वडिलांनीच शिकवलं होतं ना.

३० जानेवारी

सांगावं की सांगू नये?

सांगितलं तर त्यांना कळणार की निदान शेवटची वीस वर्षं त्या नसलेल्या कागदासाठी पाण्यात हात घालून बसल्या. पंधरा ते एकोणीस कधी मिळाली ते मला ठाऊक नाही, पण डब्यातला वरचा टिपकागदसुद्धा जुनाट पिवळा पडलाय. नाही सांगितलं तर त्या चौदा-चौदा करत जाणार.

धाकटी म्हणते, "तुझी पत्रं आहेत, तू ठरव." आयुष्यभर मुलांच्या चुकांवर लाल रेघा मारताना माझा हात कधी अडला नाही. आज एका आकड्याने मला घाम फोडलाय.

१ फेब्रुवारी

आज सांगितलं.

मावशींना सकाळपासून बरं होतं. दूध घेतलं, केस विंचरून घेतले. मी तेरावं आणि पंधरावं पत्र घेऊन पलंगावर बसलो. म्हणालो, "मावशी, चौदावं नव्हतंच."

"आकडा चुकत नसतो," त्या म्हणाल्या.

"ऐका." दोन्ही वाचून दाखवली. तारखा बोटाने दाखवल्या. परवा, काल, आज. त्यांनी पंधरावं माझ्या हातातून घेतलं आणि डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ ओठ हलत होते.

"मग मी इतकी वर्षं..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मला वाटलं, सांगितलं ते चुकलंच. कोपऱ्यातल्या रिकाम्या घमेल्याकडे त्या कितीतरी वेळ बघत होत्या. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, रडू नाही की राग नाही.

मग त्यांनी विचारलं, "म्हणजे पुरं आहे?"

"पुरं आहे."

"मग शिव."

मी दुकानातून दाभण, सुई, मेणाचा गोळा आणि दोरा आणला. चौसष्ट वर्षांत या घरात मी एक पुस्तक शिवलेलं नाही. मला शिकवलंच नव्हतं, मी शाळा शिकायची होती ना. कोपऱ्यातले आकडे जुळवले, आता तेरानंतर पंधरा. तीन भोकं पाडायची, मधल्यातून सुरुवात. मी दोरा खेचला.

"दोरा असा ओढू नकोस. कागद कापेल."

"अगं, मग तू धर ना हे टोक. मला दोन हात आहेत, चार नाहीत."

तिने टोक धरलं. बोटांत जोर नव्हता, पण दोरा कुठे सैल पडतोय ते तिला बरोबर कळत होतं. गाठ तिनेच मारली. तेवढ्यात माझं लक्ष गेलं तर धाकटी चहाचे कप घेऊन दारात उभी होती, किती वेळ कोण जाणे. चहा पार निवला होता. म्हटलं, अगं आत ये की. ती तशीच परत स्वयंपाकघरात गेली. काय झालं होतं तिला, कळलं नाही.

पुठ्ठा नको म्हणाली. साधा जाड कागद लाव, म्हणाली. मग ती वही तिने दोन्ही हातांत घेतली, कडा चाचपल्या, पानं फरफर सोडून पाहिली, आणि दुकानात गिऱ्हाइकाला द्यायची तशी माझ्यासमोर धरली. "तपासून घे."

मी शेवटचं पत्र उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागलो. तिने डोळे मिटले. दुसऱ्या ओळीपासून ती माझ्याबरोबर म्हणू लागली, तिला सगळं पाठ होतं. 'गोट्यास अनेक आशीर्वाद. आज हात दुखतो म्हणून थोडंच. दूध पीत जा. रस्त्यावर पळू नकोस. मी येईन तेव्हा तू मोठा झालेला असशील, तेव्हा मला ओळख दाखव.' इथे मी थांबलो. खाली सही होती, ती राहिली.

ती तिने म्हटली. "तुझी, आई."

मी "हो" म्हणालो.

२ फेब्रुवारी

झोपून आहे. एकदा पाणी मागितलं. आकडा नाही, काही नाही.

९ फेब्रुवारी

ती गेली. काल सकाळी, धाकटी तिचे पाय पुसत होती तेव्हा. मी दुकानात कोशाला खळ लावत होतो. धाकटीने हाक मारली तेव्हा हात तसेच चिकट घेऊन गेलो. तिच्या कपाळावर हात ठेवला तर तिथेही खळ लागली. पुसली नाही.

१४ फेब्रुवारी

कोश परत दिला. ग्रंथपाल बाईंनी पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बाईंचं शेवटचं काम दिसतंय." मी नोंदवहीत सही केली. डावी कड वाकडी आहे, तिच्या हातची असती तर तशी नसती.

लेखाचा मसुदा जानेवारीतच झाला होता. शेवटचा परिच्छेद आज लिहिला आणि देऊन टाकला.

२१ फेब्रुवारी

ग्रंथपाल बाई घरी आल्या, लेखाचं कच्चं छापील पान घेऊन. दारातच उभ्या राहून चाचरत म्हणाल्या, "सर, रागावू नका, तुम्हाला मी काय सांगणार. पण एक चूक दिसते. सगळ्या लेखात 'मावशी', 'त्या आल्या', 'त्या म्हणाल्या' असं आहे. आणि शेवटच्या परिच्छेदात एकदम 'ती गेली'. छापखानेवाला विचारतोय, सुधारू का?"

मी पान हातात घेतलं. खरंच होतं. लिहिताना मला दिसलंच नव्हतं. चौतीस वर्षं हेच शिकवत आलो.

"सुधारायला हवंच," मी म्हणालो. बाईंना बसायला सांगितलं. धाकटीकडून लाल पेन मागून घेतलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. 'त्या' खोडून 'ती'. 'आल्या' खोडून 'आली'. 'म्हणाल्या' खोडून 'म्हणाली'. 'निष्काम सेवा' काढून टाकलं. मग मथळ्यातली 'मावशी' खोडली आणि वर लिहिलं, 'आई'. शेवटचा परिच्छेद तेवढा तसाच ठेवला, तो बरोबर होता.

पान लालेलाल झालं. बाई बघत होत्या. म्हणाल्या, "सर, हे तर सगळं नव्याने जुळवावं लागेल. छापायला उशीर होईल."

म्हटलं, होऊ दे. उशीर तर झालाच आहे.